‘किंग’ कार्टरची अर्धीच वंशावळ

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या कार्टर घराण्यावर आलेला पानभर लेख आणि त्यासोबतचा वंशवृक्ष मी दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि दुसऱ्यांदा भिंग घेऊन. भिंग हाताशी असतंच, कारण मी मोडी वाचून देते. सव्वीस वर्षं हायस्कूलवर इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर शिवाजी पेठेतल्या घरी सोप्यात बसून लोकांचे जुने कागद देवनागरीत उतरवून देते. 2023 साली कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून सोप्याबाहेर चपला ठेवायला जागा उरत नाही.

त्या घराण्याशी माझी ओळख लेकीमुळं झाली. ती व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला असते. तिच्या दोन्ही बाळंतपणांना गेले होते, दोन्ही खेपा मिळून अकरा महिने. जावई घरी असला की डिंकाचे लाडू डब्यात भरून ठेवायचे आणि राज्याच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे. तिथं फी नाही, वशिला लागत नाही. जुन्या कागदांच्या खोलीत शाईचं पेन मात्र नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. सतराव्या शतकातलं इंग्रजी अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोडीची आठवण झाली. तसंच लपेटदार, एका दमात लिहिलेलं, आणि ‘एस’ व ‘एफ’ ओळखताना डोळे फुटतील असं.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. लेखात ‘राजघराणं’ म्हटलंय. ते राजे नव्हते. रॉबर्ट कार्टरला लोक ‘किंग’ म्हणायचे ते त्याच्या जमिनीमुळं आणि मिजाशीमुळं. त्याचा बाप जॉन कार्टर 1635 मध्ये लंडनहून आला. जहाजातून माणूस आणला की डोई पन्नास एकर जमीन मिळायची. आणलेला माणूस गोरा नोकर असो की काळा गुलाम, एकर तेवढेच. रॉबर्ट पुढं लॉर्ड फेअरफॅक्सच्या नॉर्दन नेक जहागिरीचा कारभारी झाला आणि मालक इंग्लंडात असताना त्यानं उत्तम उत्तम जमिनी आपल्याच पोरा-नातवंडांच्या नावानं चढवल्या. देशमुखी कागद वाचणाऱ्याला यात नवल वाटू नये. 4 ऑगस्ट 1732 ला तो वारला. आपल्याकडं वारणेचा तह 1731 चा, त्याच्या पुढच्याच वर्षी. लंडनच्या मासिकात बातमी आली की मागं तीन लाख एकर जमीन, हजारएक गुलाम आणि दहा हजार पौंड रोकड आहे. तीन लाख एकर म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा साधारण सहावा हिस्सा.

आता वंशवृक्षाकडं वळते. आपण जॉनपासून सुरुवात केली, मग ‘किंग’ रॉबर्ट, त्याचे चार मुलगे, मग नातू. तळाला विल्यम हेन्री हॅरिसन आणि बेंजामिन हॅरिसन या दोन राष्ट्राध्यक्षांचे आणि जनरल रॉबर्ट ली यांचे फोटो. पण वरून खाली येणारी एकही रेघ त्या तीन फोटोंपर्यंत पोचत नाही. माझ्या सहावीतल्या नातीनं (ही मुलाची मुलगी, इथंच असते) विचारलं, “आजी, हे लोक यांचे कोण?” बरोबर विचारलं पोरीनं. रेघ पोचत नाही कारण ती लेकींमधून जाते. ‘किंग’ कार्टरची मुलगी ॲन हॅरिसनांच्या घरी दिली. तिचा नातू विल्यम हेन्री हा नववा राष्ट्राध्यक्ष, आणि त्याचा नातू बेंजामिन तेविसावा. रॉबर्ट लीची आईही ॲन, शर्ली मळ्यावरच्या चार्ल्स कार्टरची मुलगी. म्हणजे ज्या तीन माणसांसाठी आपण अर्धं पान खर्चलं, ते तिघंही लेकीकडचे. आपल्या पद्धतीनं मुलगेच लिहीत गेलं की घराण्याची सगळ्यात मोठी नावं गळतात. एवढी मोठी चूक पुरवणीत कुणाच्या डोळ्याला खुपली नाही याचं मला वाईट वाटलं. नवल मात्र वाटलं नाही.

कारण आमच्या माहेरी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, यायचा. भोगावतीकाठचं गाव आमचं. सुगी उरकली की बैलावर बोचकं टाकून हेळवी दारात हजर. सोप्यात घोंगडं अंथरायचं, सुपात जोंधळे, आणि मग तो मूळपुरुषापासून घडाघडा नावं म्हणायचा. कोण कुठल्या गावाहून आला, कुणी विहीर बांधली, कोण कुठल्या लढाईत गेला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. त्याच्या वहीत माझ्या दोन्ही भावांची नावं चढली, धाकट्याचं तर तो पाळण्यात असताना. मी विचारलं, “आणि माझं?” तो हसला आणि म्हणाला, “आक्का, लेकी न्हाई लिवत आमी. तुमचं सासरच्या वहीत बगायचं.” लग्नानंतर सासरी हेळवी आला तेव्हा त्याची वही मागून घेतली. तिथं नवऱ्याचं नाव होतं आणि त्याखाली माझ्या मुलाचं. मधे मी नव्हते.

कार्टरांच्या कागदांत बायका इतक्या बेपत्ता नाहीत. जॉन कार्टरनं पाच लग्नं केली. लँकेस्टर काउंटीतल्या क्राइस्ट चर्चमध्ये त्याच्या थडग्याचा दगड आहे, त्यावर त्याच्याआधी वारलेल्या चौघींची नावं ओळीनं कोरलीत, काहींच्या बापाच्या नावासकट. ‘किंग’ रॉबर्टनं हे चर्च बांधायचा खर्च उचलला तो आईबापांची थडगी आहेत तिथंच राहतील या अटीवर. इमारत पुरी झाली त्याच्या मरणानंतर, 1735 च्या सुमारास. रिचमंडपासून मोटारीनं दीडएक तास. लाल विटांची, चार बाजू सारख्या असलेली इमारत आहे. बाहेर पूर्वेच्या बाजूला रॉबर्ट आणि त्याच्या दोन्ही बायका. मी गेले त्या दिवशी पाऊस होता. लेक छत्री धरून, नातू कडेवर, आणि मी दगडावरची लॅटिन ओळ वहीत उतरवून घेतेय. जावई गाडीत बसून म्हणे, आईंना सुट्टी कशी घालवायची कळत नाही.

ज्यांना स्वतः असा शोध घ्यायचा असेल त्यांनी दोन गोष्टींचं भान ठेवावं. पहिली गोष्ट साल. 1752 पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीतली तारीख 1731/32 अशी दुहेरी दिसते. न कळणारा माणूस पोराला बापाच्या लग्नाआधी जन्माला घालतो. आपल्याकडं हे संकट चौपट: सुहूर सन, फसली, शक, राज्याभिषेक शक. कागदावर ‘सन अर्बा सबैन मया व अलफ’ दिसलं की अकराशे चौऱ्याहत्तर धरायचं, त्यात 599 मिळवायचे, आले 1773. हे साल मुद्दाम दिलं, पुढं लागणार आहे. दुसरी गोष्ट नावं. आपण आजोबाचं नाव नातवाला ठेवतो, ते बापाचंच मुलाला ठेवायचे. रॉबर्टचा रॉबर्ट, त्याचा पुन्हा रॉबर्ट. म्हणून त्यांना मळ्यावरून ओळखायचं: कोरोटोमनचा, शर्लीचा, सॅबिन हॉलचा, नॉमिनी हॉलचा. आपण कागलचे घाटगे म्हणतो तसं. त्यांचं काम एका बाबतीत मात्र सोपं. इंग्रजी कायद्यात तेव्हा दत्तक नव्हता. आपल्याकडं कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव 1884 मध्ये दत्तक येऊन शाहू छत्रपती झाले. अशा ठिकाणी रेघ कशी काढायची, यावर दोन अभ्यासकांची तासभर जुंपते.

लेखातून जे सगळ्यात मोठं राहिलं ते हे. ‘शेकडो नोकरचाकर’ असे दोन शब्द लिहून आपण पुढं गेलात. ते नोकर नव्हते, गुलाम होते. आणि कार्टरांची वंशावळ ज्या कागदांतून निघते, त्याच कागदांत त्यांची नावं आहेत. श्रीमंताची वंशावळ शोधणं सोपं का जातं? त्याची मालमत्ता असते म्हणून. मृत्युपत्र, वाटणी, खटला, वारल्यावर झालेली घरातल्या वस्तूंची यादी. त्या यादीत पलंग, चांदीचे चमचे, घोडे, आणि त्यांच्याच रांगेत माणसं. नाव, वय, किंमत. कराच्या यादीत सोळा वर्षांवरचे गोरे पुरुष मोजले जात, गोऱ्या बायका नाहीत. काळे पुरुष आणि काळ्या बायका दोन्ही मोजल्या जात. मालकीणबाईचं नाव नाही आणि तिच्या शेतात राबणारीचं आहे, अशी पानं मी पाहिली. राबणारीच्या डोक्यावर कर होता, मालकिणीच्या नव्हता, एवढंच कारण.

आणखी एक उलटा प्रकार. 1662 साली व्हर्जिनियात कायदा झाला की मूल आईवर जाईल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. हा बाप पुष्कळदा कोण असे ते कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं मालकाची वंशावळ बापाच्या बाजूनं चालते आणि गुलामांची आईच्या बाजूनं. त्या यादीत ‘अमकीचं पोर’ अशीच नोंद. आमच्या हेळव्याच्या वहीत जी जागाच नव्हती, ती तिथं होती, पण कशासाठी होती ते वाचून मला त्या दिवशी डबा गेला नाही.

1708 मध्ये लँकेस्टरच्या कोर्टानं ‘किंग’ रॉबर्टला त्याच्या दोन गुलामांच्या पायाची बोटं तोडायची परवानगी दिली. एक डायना, दुसरा बंबारा हॅरी. त्यांचा दोष असा की ते ऐकत नव्हते आणि पळून जात होते. हॅरी हे नाव मालकानं दिलेलं. पण बंबारा हे पश्चिम आफ्रिकेतल्या एका समाजाचं नाव. म्हणजे त्या माणसाचा सगळा कुलवृत्तांत कोर्टाच्या एका ओळीत, एका शब्दात उरलाय, आणि तोही कशाच्या निमित्तानं. आपल्या पानभर लेखात ‘किंग’च्या केसांच्या टोपाचं चित्र आहे, ही ओळ नाही.

आता 1773. पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून होऊन दोनच महिने झाले होते तेव्हा तिकडं नॉमिनी हॉलवर फिलिप फिथियन नावाचा तरुण पंतोजी शिकवणीला आला. मालक होता ‘किंग’चा नातू, तिसरा रॉबर्ट कार्टर. फिथियनची रोजनिशी शिल्लक आहे. मालकीणबाईंनी त्याला वर्षाचा खर्च सांगितला: 27,000 पौंड डुकराचं मांस, 20 गुरं, 550 बुशेल गहू, शिवाय रम आणि ब्रँडीची पिंपं. आणि त्याच रोजनिशीत गुलामांचा शिधा: माणशी आठवड्याला एक पेक मका आणि एक पौंड मांस. पेक म्हणजे सहा किलोच्या जरा वर. ज्वारीनं मोजायचा तर आमच्याकडच्या गड्याला यापेक्षा जास्त मिळत असे, आणि गडी सणाला घरी जात असे. गडी, बलुतेदार आणि गुलाम मी एका दोरीत बांधत नाही, ते चुकीचं होईल. पण त्याकडं परत येते.

या तिसऱ्या रॉबर्टचं नाव आपल्या वंशवृक्षात आहे, पुढं कंसात ‘विक्षिप्त’ असं लिहून. त्याचा विक्षिप्तपणा असा: 1 ऑगस्ट 1791 रोजी त्यानं एक दस्त केला आणि पुढच्या महिन्यात नॉर्थंबरलँडच्या कोर्टात दाखल केला. त्यात 452 गुलामांची नावं. त्यांना टप्प्याटप्प्यानं, दर वर्षी पंधरा असं मोकळं करायचं, आणि लहान मुलींना अठराव्या, मुलांना एकविसाव्या वर्षी. यादवी युद्धापूर्वी एका अमेरिकन मालकानं एवढ्या गुलामांना सोडल्याचं दुसरं उदाहरण नाही. वॉशिंग्टन आणि जेफरसन त्याचेच समकालीन, त्याच राज्यातले. पोरं बापावर खवळली, शेजारीही. दोन वर्षांत तो बाल्टिमोरला निघून गेला, सोडण्याचं काम एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकावर सोपवलं, आणि 1804 मध्ये वारला. 1806 ला व्हर्जिनियानं कायदाच केला की मोकळं झालेल्यानं वर्षाच्या आत राज्य सोडावं.

दस्ताची यादी मळ्यावार आहे, आणि मळ्यांना त्यानं राशींची नावं दिली होती. कर्क, सिंह, तूळ, वृश्चिक! मी ती यादी वाचताना मनातल्या मनात पंचांगच चाळत होते. प्रत्येक राशीखाली माणसं, त्यांची वयं. काळ्या अमेरिकनांना आपलं घराणं शोधताना 1870 च्या जनगणनेपाशी भिंत लागते, कारण त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या गुलाम-याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग आहे, नाव नाही. ज्यांची मुळं नॉमिनीच्या मळ्यांवर पोचतात, त्यांना ही भिंत एकोणऐंशी वर्षं मागं ढकलता येते. तेही एका माणसाच्या विक्षिप्तपणामुळं. आपण कंसातला शब्द काढलात तर बरं.

गड्यांकडं परत येते. गेल्या पावसाळ्यात एक तरुण मुलगा प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला. 2019 च्या पुरात भिजलेले, कडा पाण्यानं पिवळ्या पडलेल्या. त्याला कुणी तरी अर्धवट मोडी येणाऱ्यानं सांगितलं होतं की यात तुमचं काम झालं. पायरीवरूनच तो म्हणाला, “काकू, कुणबी आलंय की! चौथ्या ओळीत बघा.” मी भिंग लावलं. चौथ्या ओळीत ‘कुणबी’ नव्हतं. ‘कुणबीण’ होतं. वाटणीचा कागद होता तो: एका भावाला घोडी, तांब्याचं घंगाळ, दोन म्हशी आणि कुणबीण एक, तिच्या पोरासह. त्या काळच्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. बटकी. तिचं नाव लिहिलं होतं, बापाचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. पोराचं नाव नव्हतं.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हे वाचलं नाही असं धरा.” मी फी घेतली नाही. त्याला दोष द्यायचा नाही, त्याला दाखल्यासाठी वेगळा कागद हवा होता आणि त्याच्यावर घरचा दबाव होता. पण ती ओळ मी माझ्या वहीत उतरवून घेतली आहे.

आपल्या त्याच पुरवणीत खाली ‘आपल्या घराण्याची वंशावळ पाठवा’ असं आवाहन आहे आणि कापून घ्यायचा तक्ता. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, स्वतः. पाच चौकटी, पाचही पुरुषांच्या. माझी विनंती साधी आहे. प्रत्येक चौकटीला चिकटून बायकोची एक चौकट द्या, तिच्या माहेरच्या नावासकट. लेकींसाठी बाजूला जागा सोडा, त्या कुठं दिल्या ते गाव लिहायला. आणि तक्त्याच्या शेवटी दोन ओळी कोऱ्या ठेवा: या घरात कोण राबलं, कुठल्या कागदात त्यांचं नाव आलंय. पुष्कळ घरं त्या ओळी रिकाम्या ठेवतील. काही भरतील. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडं, हेळव्यांकडं, आपापल्या माळ्यावरच्या पेटीत, काही ना काही सापडेलच. ज्यांच्याकडं मोडी कागद असतील त्यांनी आणावेत. बायकांची नावं शोधायची असतील तर मी पैसे घेणार नाही.

आपला तक्ता मी माहेरच्या नावानं भरून सोबत जोडला आहे. पाच चौकटी भरल्या. आईचं, आजीचं, तिघी आत्यांचं आणि माझं नाव समासात लिहिलं, कारण दुसरीकडं जागा नव्हती. समासातलं अक्षर बारीक झालंय. छापणाऱ्यांना लागलं नाही तर त्यांना माझ्याकडं पाठवा, दुपारी चारनंतर मी घरीच असते.

आपली,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयात आहे, छापू नये.)